ऊस गेल्यावर डिसेंबरात कुठला गहू पेरायचा: फुले समाधान, निफाड ३४ आणि लोकवन पेरून झाल्यावरचं माझं मत

नोव्हेंबर संपत आला की आमच्या गोदावरी कालव्याच्या पट्ट्यात सगळीकडे एकच प्रश्न सुरू होतो, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस, तुटला, रान मोकळं झालं, आता गहू कुठला टाकू? आणि उत्तर देणारे सगळे एकदम नावावर येतात, हा घे तो घे, अमक्याने एकरी एवढा काढला. पेरणी कुठल्या तारखेला होणार हे मात्र कोणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं त्या तारखेपासूनच सुरू होतं, म्हणून आधीच सांगतो, हा रिव्ह्यू उशिरा पेरणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात ज्यांची पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, चालते त्यांच्यासाठी. ज्यांचं रान सोयाबीन काढून दिवाळीच्या सुमारास तयार असतं त्यांना त्र्यंबक आहे, तपोवन आहे, पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६२२२ आहे, चांगल्या जाती आहेत सगळ्या, पण त्या वेळेवरच्या पेरणीच्या. त्या उचलून १० डिसेंबरला पेरल्या आणि मग जात खराब म्हणून बोंब मारली तर त्यात जातीचा काय दोष.

माझं रान भारी काळं, कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीने सुटणारं पाणी, आणि जोडीला विहीर. ऊस हेच मुख्य पीक आणि गहू खोडव्याच्या मागे. तोडणी आपल्या हातात नसते, टोळी आली की ऊस जाणार, मग ती कधी नोव्हेंबरच्या शेवटी येते कधी डिसेंबर उजाडतो. त्यामुळे वेळेवर पेरणी हा पर्यायच आमच्याकडे बऱ्याच जणांना नसतो, आणि म्हणूनच जात निवडताना आम्हाला जास्त डोकं लावावं लागतं.

आता उशीर झाल्यावर नक्की होतं काय ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मी निवड तिथंच होऊन जाते. गव्हाला वाढीच्या काळात ७ ते २१ अंश तापमान लागतं आणि दाणा भरताना २५ अंशांच्या आसपास असलं की दाणा टपोरा होतो, वजन येतं. १० डिसेंबरला पेरलेला गहू उगवतो तेव्हा कडाक्याची थंडी असते, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागतो ते दिवस, त्यामुळे उगवण रेंगाळते. पुढे ओंबी बाहेर पडून दाणा भरायची वेळ येते ती नेमकी मार्चमध्ये, ऊन तापायला लागल्यावर. ऊन वाढलं की गहू घाई करतो, दाणा भरायचे दिवसच कमी होतात, आणि वरून पीक पिवळंधमक सोन्यासारखं दिसलं तरी खळ्यावर पोत्यात वजन लागत नाही. कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं हेच सांगतंय की १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट धरा आणि १५ डिसेंबरनंतर पेरूच नका. ही घट कुठलीच जात पूर्ण थांबवू शकत नाही. लवकर तयार होणारी आणि गरमी सोसणारी जात ती कमी करते, एवढंच, पण तेवढ्यावरच गहू परवडतो की नाही ते ठरतं.

२०२२ चा मार्च आठवत असेल, देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात गरम मार्च ठरला तो, उत्तरेत गव्हाचा दाणा बारीक पडला आणि मे महिन्यात सरकारने निर्यात बंद केली. त्याच्या पुढच्याच वर्षी फेब्रुवारीने तसाच रेकॉर्ड केला. म्हणजे पूर्वी आपण होळीपर्यंत थंडी धरायचो तो हिशोब आता धरता येत नाही. त्यामुळे जात किती दिवसांत निघते हा आकडा मी पहिला बघतो, एकरी किती निघते हा दुसरा.

फुले समाधान

तर माझी पहिली पसंती फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, निफाडच्या केंद्रावर तयार झालेली. हिची मोठी सोय ही की वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरणीला हिची शिफारस आहे. ऊसवाल्यासाठी हे फार कामाचं आहे, कारण बियाणं दिवाळीच्या आधी घेऊन ठेवावं लागतं आणि टोळी कधी येणार ते तेव्हा देवालाच माहीत, तर टोळी लवकर आली तरी तेच बियाणं चालतं आणि उशीर झाला तरी चालतं. विद्यापीठाचा आकडा वेळेवर पेरणीला हेक्टरी ४५ ते ५० क्विंटल आणि उशिराला ४० ते ४५ असा आहे. उशिराचा म्हणजे एकरी सोळा ते अठरा. माझ्या भारी रानात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या पेरणीला सोळाच्या पुढे जातो, खालच्या बाजूला थोडं चोपण, म्हणजे क्षाराचं रान, आहे तिथं तेरा-चौदावर थांबतो. म्हणजे आकडा हवेतला नाहीये, पण रान आणि पाणी त्या तोलाचं पाहिजे.

दुसऱ्या जुन्या जातींपेक्षा ही आठ-दहा दिवस लवकर येते असं सांगतात आणि शेजारी-शेजारी पेरून बघितलं तर फरक डोळ्याला दिसतो. मी एक गोष्ट दरवर्षी करतो ती तुम्हीही करून बघा. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रानाच्या मधोमध जायचं, बांधाकडेची ओंबी घ्यायची नाही कारण बांधाकडेला सगळंच चांगलं दिसतं, मधली एक ओंबी तोडायची आणि ती तळहातावर न चोळता खालून वर एकेक दाणा उकलत जायचं. खालचे आणि मधले दाणे सगळ्याच जातीत भरलेले मिळतात. खरी परीक्षा शेंड्याची. गरमी लागलेल्या गव्हात शेंड्याकडचे दाणे एकतर पोचट असतात नाहीतर इतके बारीक की चाळणीतून खाली जातील. समाधानमध्ये शेंड्याला बारीक दाणा सापडतो, नाही असं नाही, पण पोचट कमी, आणि मधल्या दाण्याच्या पाठीवर सुरकुती नाही. नखाने दाबला की चिकट दूध येतंय की पिठूळ लागतंय त्यावरून अजून एक पाणी द्यायचं का ते पण तिथंच ठरवता येतं.

तांबेऱ्याला, म्हणजे पानावर विटकरी भुकटी आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, ही चांगली टिकते. उशिराच्या गव्हावर तांबेरा आणि मावा ही रस शोषणारी कीड दोन्ही जास्त येतात हे लक्षात घेतलं तर हा मुद्दा छोटा नाही. मावा मात्र समाधानवर पण येतो, ढगाळ वातावरण दोन-तीन दिवस राहिलं की पानाच्या मागं बघत चला.

खायला? आमच्या घरी आई पीठ मळतानाच जात ओळखते आणि समाधानला तिची तक्रार नाही. पीठ पाणी चांगलं धरतं, चपाती फुगते, आणि सकाळी सातला डब्यात घातलेली दुपारी दीडला काढली तरी कडक होत नाही, माझ्या मुलीचा डबा हाच आमचा रोजचा टेस्ट. प्रथिनं साडेबारा ते पावणेचौदा टक्के सांगतात.

खटकणारं काय तर बियाणं वेळेवर मिळत नाही. विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर ऑक्टोबरात गेलात तर मिळतं, नोव्हेंबरच्या मध्याला गेलात तर संपलेलं, आणि नेमकी तेव्हाच उशिरा पेरणारा माणूस बियाणं शोधत असतो. बाकी दुकानात प्रत्येक जण ठेवत नाही. दुसरं म्हणजे बाजारात हिला हिच्या नावाने भाव नाही, व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठ बघतो आणि लोकवन म्हणून लिहून घेतो. जात म्हणून ही पाचपैकी पूर्ण पाचची आहे, मिळण्याच्या अडचणीमुळे अर्धा स्टार कापतो, साडेचार.

निफाड ३४

एनआयएडब्ल्यू ३४. जुनी जात आहे, तरुण पोरं नाव ऐकून नाक मुरडतात, पण मुळात उशिराच्या बागायती पेरणीसाठीच काढलेली ही जात आहे आणि १०० ते १०५ दिवसांत रान मोकळं करते. उत्पादन हेक्टरी ३५ ते ४०, म्हणजे समाधानपेक्षा एकरी दोनेक क्विंटल कमी धरा. दाणा मध्यम, चपाती चांगली, प्रथिनं १३ टक्क्यांच्या वर.

मग घ्यायची कशाला? माझ्या मते तारीख ५-६ डिसेंबरच्या पुढे सरकली आणि पाण्याचं शेवटचं आवर्तन मिळेल की नाही याची खात्री नसेल तर हीच घ्यावी. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्यांचं रान आहे त्यांना मी काय म्हणतो ते बरोबर समजेल, मार्चमध्ये पाणी येणार म्हणून सांगतात आणि वरच्या वरच संपतं. अशा वेळी कागदावर दोन क्विंटल जास्त देणाऱ्या पण एक पाणी जास्त मागणाऱ्या जातीपेक्षा जी लवकर आवरते ती बरी. आमच्या मळ्यात विहिरीपासून लांबचा जो तुकडा आहे तिथं उशीर झाला की मी हीच टाकतो. चार स्टार.

लोक-१

ज्याला सगळा महाराष्ट्र लोकवन म्हणतो ती ही. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती म्हणून संस्था आहे, तिथं तयार झालेली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतात आहे. चाळीस वर्षं एक जात टिकते याचा अर्थ तिच्यात काहीतरी आहेच. टपोरा दाणा, चमक, लवकर येते, उशिरा पेरली तरी दाणा बऱ्यापैकी भरते, आणि बाजारात नावावर विकली जाते. शहरातली माणसं वर्षाचा गहू भरायला येतात ती लोकवन किंवा शरबतीच मागतात.

पण तांबेरा. ही जात तांबेऱ्याला बळी पडते, हे जगजाहीर आहे, आणि उशिराच्या पेरणीत फेब्रुवारीत ढगाळ हवा आणि सकाळचं दव जमून आलं की पांढरी पँट घालून रानातून चक्कर मारली तर गुडघ्यापर्यंत विटकरी होऊन बाहेर येता. फवारणीचा खर्च धरला की भावात मिळालेला फायदा तिथंच जातो. शिवाय आता मूळ शुद्ध बियाणं किती ठिकाणी मिळतं हा वेगळा प्रश्न, बऱ्याच जणांकडचं लोकवन म्हणजे घरचं, पिढ्यानपिढ्या ठेवलेलं, त्यात काय काय मिसळलंय कोण सांगणार. ज्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे त्यांनी थोडं पेरावं. सगळं रान लोकवनखाली घालू नका. तीन स्टार.

चकचकीत पिशव्यांबद्दल

इथं मला जरा जास्त लिहायचंय कारण माझ्या डोळ्यासमोर नुकसान झालंय. आमच्या चुलत भावाने तालुक्याच्या एका दुकानातून खासगी कंपनीचं रिसर्च गहू बियाणं घेतलं. पिशवीवर हातभर ओंबीचा फोटो, भाव विद्यापीठाच्या बियाण्यापेक्षा बराच जास्त, आणि दुकानदार म्हणाला लेटला पण चालतो. पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पीक दिसायला इतकं जबरदस्त की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून विचारायचे. पण मार्चचा मध्य आला, आजूबाजूचे सगळे गहू पिवळे पडले आणि याचा अजून हिरवागार. ऊन रोज वाढतंय, दाणा अजून चिकात, म्हणून एक पाणी जास्त दिलं, त्याच रात्री वारा सुटला आणि उंच वाढलेला गहू निम्मा लोळला. खळ्यावर जो दाणा आला तो सुरकुतलेला, व्यापाऱ्याने मूठ भरून बघितली आणि परत पोत्यात टाकली. दुकानात गेला तर उत्तर मिळालं, तुम्ही पेरायला उशीर केला. म्हणजे विकताना लेटला चालतो आणि तक्रारीच्या वेळी लेट का पेरला!

खासगी बियाणं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. पण पिशवीवर किंवा सोबतच्या कागदावर पेरणीचा कालावधी आणि पक्व व्हायचे दिवस छापलेले आहेत का ते बघा, तोंडी शब्दावर पैसे देऊ नका, पक्कं बिल घ्या, आणि त्यावर लॉट नंबर लिहून घ्या. टॅग बघायला शिका, प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, ज्यापासून प्रमाणित तयार होतं त्या पायाभूतला पांढरा, आणि सत्यप्रत, म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या हमीवरच्या, बियाण्याला हिरवा. प्रमाणित गव्हाची उगवण कमीत कमी ८५ टक्के पाहिजे. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, गहू हे स्वपरागीकरणाचं पीक आहे, कपाशी-मक्यासारखं दरवर्षी नवीन संकरित बियाणं घ्यावं लागत नाही. एकदा निळ्या टॅगचं चांगलं बियाणं आणलं, भेसळीची झाडं उपटून काढली आणि रानाच्या मधला चांगला पट्टा बियाण्यासाठी वेगळा मळला की पुढची दोन-तीन वर्षं घरचं बियाणं चालतं. समाधान वेळेवर मिळत नाही या अडचणीवर माझा हाच उपाय आहे. फक्त पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघून घ्या, किती उगवले तेवढे टक्के.

यूट्यूबवर पंजाब-हरियाणाच्या जाती बघून फोन करणारे पण बरेच आहेत. भाऊ, त्या जाती तिथल्या थंडीसाठी आहेत. आपला भाग द्वीपकल्पीय विभागात येतो, महाराष्ट्र-कर्नाटक आणि खाली तमिळनाडूचा थोडा भाग, आणि जातीची शिफारस विभागवार असते. आपल्याकडे जानेवारीतली थंडी संपली की संपली, तिथं फेब्रुवारीत पण स्वेटर असतो. जातीच्या नावातली अक्षरंच सांगतात ती कुठून आली, एनआय म्हणजे निफाड, एके म्हणजे अकोला, एचआय म्हणजे इंदूर, जीडब्ल्यू गुजरात, पीबीडब्ल्यू पंजाब. मधलं ए असलं तर चपातीचा सरबती गहू आणि डी असलं तर बन्सी, रव्या-शेवयाचा. बन्सी उशिरा पेरायच्या भानगडीत पडू नका. खपली गव्हाचंही तेच, पुण्यामुंबईत सध्या खपलीला मागणी भरपूर आहे म्हणून लोक डिसेंबरात पण टाकतात, पण ती निवांत वाढणारी आहे, तिला नोव्हेंबरचीच पेरणी द्या.

विदर्भातल्या वाचकांसाठी, तुमच्याकडे अकोल्याच्या विद्यापीठाची एकेएडब्ल्यू ४६२७ उशिराच्या पेरणीसाठी आहे, कपाशी उपटून गहू घेणारे तीच पेरतात. मी स्वतः पेरलेली नाही म्हणून स्टार देत नाही.

जातीबरोबर पेरणी पण बदलायची

उशिराची जात घेतली आणि बाकी सगळं वेळेवरच्या पेरणीसारखं केलं तर निम्मा फायदा वाया. फुटवे कमी येणार हे धरून बियाणं जास्त टाकायचं, वेळेवर पेरणीला एकरी ४० ते ५० किलो लागतं ते उशिराला ५० ते ६०, आणि दोन ओळीतलं अंतर कमी करून १८ सेंटिमीटरवर आणायचं. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे फण त्या अंतराला लावून घ्यायला ड्रायव्हर कंटाळा करतो, त्याला चहा पाजा पण लावून घ्या. खोली ५-६ सेंटिमीटर, त्याच्या खाली गेलं तर थंडीत कोंब वर यायला अजून उशीर. पेरायच्या आदल्या दिवशी बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळायचं, किलोला ३ ग्रॅम, आणि पेरायच्या आधी अर्धा तास अॅझोटोबॅक्टर आणि पीएसबी ही जिवाणू खतं, १० किलोला २५०-२५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यातून लावून सावलीत सुकवायचं.

खताच्या डोसात उशिराला नत्र थोडं कमी असतं, हेक्टरी नत्र-स्फुरद-पालाश ९०:६०:४० किलो. एकराला हिशोब केला तर डीएपीची एक गोणी, पोटॅश अर्ध्या गोणीच्या जरा वर, आणि युरिया एकूण सव्वा गोणी, त्यातला थोडा पेरताना आणि बाकीचा पहिल्या पाण्याला. खोडव्याच्या रानात मात्र एक भानगड असते. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका हे बरोबरच, पण घाईघाईत कुट्टी करून रोटाव्हेटरने गाडलं आणि लगेच पाभर घातली तर ते पाचट कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि गहू वीस दिवसांतच पिवळा पडतो, मग माणसं म्हणतात बियाणं खराब. अशा वेळी युरियाचा पेरणीचा हप्ता चुकवू नका आणि पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांच्या मध्ये द्याच, मुकुटमुळं फुटायचा हा काळ, एकच पाणी हातात असेल तर ते इथंच. पुढची पाणी कांडी धरताना चाळिशीत, मग फुलोऱ्यात साठीला, आणि दाणा भरताना ऐंशीच्या आसपास. दाणा भरतानाचं पाणी हलकं, संध्याकाळी वारा पडल्यावर. ५५ आणि ७० दिवसांनी १९:१९:१९ या विरघळणाऱ्या खताची फवारणी, दहा लिटरला २०० ग्रॅम, उशिराच्या गव्हाला मला ही दिसून आली, दाण्याला वजन येतं. उसाचे कोंब गव्हातून वर येतात ते मात्र हातानेच काढावे लागतात, दुसरा इलाज नाही.

१५ डिसेंबर उलटून गेला आणि रान अजून तयार नसेल तर माझं स्पष्ट मत, गव्हाचा नाद सोडा. थोडं थांबून उन्हाळी भुईमूग किंवा जनावरं असतील तर चाऱ्याची मका टाका. खायचा गहू विकत घेतलेला परवडतो, पाणी-खत-मळणी घालून एकरी आठ क्विंटल काढलेला परवडत नाही.

विक्रीचं थोडं सांगून थांबतो. हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला २४२५ रुपये होता, पण आमच्याकडचा बराचसा गहू सरकारी खरेदीला जातच नाही, तो जातो घरोघरी. एप्रिलमध्ये नाशिक-पुण्याची नातेवाईक मंडळी, त्यांच्या सोसायटीतली माणसं, वर्षाचा गहू भरायला फोन करतात. त्यांना लोकवन पाहिजे असतं, मी त्यांना सांगतो की पाच किलो समाधान घेऊन जा, दळून बघा, आठवडाभर खा आणि मग बोला. जे एकदा नेतात त्यातले बहुतेक पुढच्या वर्षी नाव घेऊनच मागतात. चाळून, दोन दिवस कडक ऊन देऊन, दात लावला तर कट्ट असा आवाज आला पाहिजे इतका वाळवून द्यायचा, म्हणजे किडा लागत नाही आणि फोनही येत नाहीत. बाजारापेक्षा चार पैसे जास्त देतात आणि आनंदाने देतात.

यंदा इंदूरच्या केंद्राची एचआय १६३३, पुसा वाणी नावाची जात थोड्या रानात टाकणार आहे. २०२१ मध्ये आलेली, आपल्याच विभागासाठी आणि उशिराच्याच बागायती पेरणीसाठी शिफारस केलेली, लोह आणि जस्त दोन्ही ४१ पीपीएमच्या वर, आणि सरासरी उत्पादन हेक्टरी पावणेबेचाळीस क्विंटलच्या आसपास सांगितलंय, म्हणजे कागदावर समाधानच्या बरोबरीची. त्याच रानात, त्याच दिवशी, समाधानच्या शेजारी पेरतोय, खत-पाणी सारखंच ठेवतो. ज्यांनी आधीच पेरलीय त्यांनी खाली लिहा, विशेषतः तांबेरा कसा राहिला आणि चपाती दुपारपर्यंत मऊ राहते का ते.